थर्माकोलची चावी

"ही चावी स्टेजवर असेल तर आमच्या मंत्री सही करणार नाहीत," एलेना मॅडम शांतपणे म्हणाल्या.

बेळ्ळंदूरच्या एका हॉटेलात सकाळचा कार्यक्रम होता. समुद्रातल्या एका छोट्या बेटांच्या देशाला आपलं सरकार खारं पाणी गोडं करणारी यंत्रं देणार होतं. एलेना मॅडम त्यांच्या मंत्रीबाईंच्या सचिव. मी प्रोटोकॉल बघते. म्हणजे कोण कुठे उभं राहील, आधी कोण बोलेल, कोणाच्या हातात काय असेल. करार तयार होता. फक्त सही उरली होती आणि दुपारी पाहुण्यांची फ्लाइट.

आपल्याकडे काहीही द्यायचं म्हटलं की थर्माकोलची भली मोठी चावी लागतेच. कार असो, फ्लॅट असो. आमच्या डेकोरेटरने, रवी अण्णांनी, माणसाएवढी सोनेरी चावी आणली होती. यंत्राला कुलूप नाही, तरी चावी.

"चावीत वाईट काय आहे?" मी विचारलं.

"आम्ही हात पसरलेत असा फोटो येईल. कोणापुढे हात पसरायला लागू नये म्हणूनच आम्ही स्वतंत्र झालो. लोकांना पाणी हवंय, खरंय. पण हा फोटो त्यांना झोंबेल." जरा थांबून त्या म्हणाल्या, "आमच्या बेटांवरच्या लाटांच्या, वाऱ्याच्या नोंदी तुमच्या शास्त्रज्ञांना आम्ही कधीपासून देतोय. त्याचा फोटो कोणी काढला?"

मी तडक दिल्लीहून आलेल्या साहेबांना गाठलं. ते चिडलेच.

"आपण देतोय ना? मग देताना दिसायला नको?"

"सर, आपल्याकडे पूर येतो तेव्हा बाहेरच्या देशांची मदत आपण बऱ्याचदा नको म्हणतो. का?"

"ते वेगळं. आपण..." साहेब टाय सारखा करू लागले.

मला जयनगरचं घर आठवलं. शेजारच्या सरोजा अक्का डब्यातून कोसंबरी, म्हणजे भिजवलेल्या मूगडाळीची कोशिंबीर, पाठवायच्या. आई तो डबा कधी रिकामा परत करायची नाही. काही नसलं तर चमचाभर साखर तरी घालायचीच. डबा असा वर्षानुवर्षं फिरत राहिला आणि कोणी कोणाचं मिंधं झालं नाही.

"सर, आधी मंत्रीबाई देतील, मग आपण देऊ," मी म्हटलं. "लाटा-वाऱ्याच्या ज्या नोंदी ते आपल्या शास्त्रज्ञांना देतात, त्यांचा आलेख मोठ्या कागदावर प्रिंट करून घेते. करारातलं अक्षरही बदलत नाही."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग चावी पाहिली. "करा. पण वेळ लावू नका."

"अण्णा, चावी आत न्या."

"सरी अक्का, ठीक आहे," अण्णा कुरकुरले. "तीन हात रंग मारलाय हो."

मंत्रीबाई स्टेजवर आल्या. ताठ मानेने त्यांनी आलेख पुढे केला. साहेबांनी तो दोन्ही हातांनी घेतला, अगदी वाकून. मग साहेबांनी मंत्रीबाईंना यंत्रांची फाईल दिली. मग सही झाली, आणि माझा जीव भांड्यात पडला. मागे जाऊन मी दोन कप कॉफी प्यायले. इतकं हलकं मला लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

चावी आमच्या गोडाऊनमध्ये पडून आहे. आता कुठल्याही देशाचं काम आलं की मी आधी विचारते, तुम्ही आम्हाला काय देताय? बहुतेकांचा चेहरा तिथेच खुलतो.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी एलेना मॅडमनी त्यांच्या पेपरचं पान व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. त्यात आलेख देतानाचा फोटो छापला होता. आपल्या पेपरांनी फाईल देतानाचा. खोटा एकही नव्हता.