काकांची कोरी बशी
अख्ख्या इंदुरात पाहुण्याला दारातच कपडे बदलायला लावणारा माणूस एकच असेल, आणि तो नेमका विजय नगरात आमच्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर राहतो. आम्ही त्यांना काका म्हणतो. उभी हयात त्यांनी सांवेर रोडच्या एका कारखान्यात प्लास्टिकच्या पिशव्या बनवण्यात घालवली आणि रिटायर झाल्यावर त्याच पिशव्यांचा डोळ्यांना न दिसणारा चुरा शोधायचं वेड घेतलं. सोसायटीच्या ओल्या कचऱ्याचं जे खत आपण कौतुकानं कुंड्यांत घालतो, ते काका वाळवतात, चाळतात, मिठाच्या दाट पाण्यात ढवळतात आणि वर तरंगलेलं गाळून मायक्रोस्कोपखाली धरतात. संशयित कणाला तापलेली सुई लावायची. आकसला की प्लास्टिक. या नादात एकदा त्यांनी मला बिनमिठाचे पोहे खायला घातले, कारण घरातलं सगळं मीठ बादलीत होतं.

खरी भानगड हवेतल्या धाग्यांची. आपल्या पॉलिएस्टरच्या कपड्यांतून बारीक धागे सारखे झडतात आणि नमुन्यात पडतात. म्हणून काका नमुन्याशेजारी एक कोरी बशी उघडी ठेवतात. तिच्यात पडेल ते घरातलं, खतातलं नव्हे. ती कोरीच राहावी म्हणून दाराशी पाहुण्यांसाठी सुती कपडे टांगलेले. एका विमा एजंटाला त्यांनी दिवंगत काकूंचा सुती गाऊन घालून बसवलं. तो पॉलिसीचं नावही न काढता गेला. माझ्या बायकोचा शिफॉनचा पदर पाहून म्हणाले, "सूनबाई, तू जिन्यातूनच बोल." तिनं जाणं सोडलं. काकूंच्या भजन मंडळानंही सोडलं. त्यांची स्वतःची मुलगी पुण्याहून आठ दिवसांसाठी आली आणि बॅगेतले सगळे कपडे गॅलरीत टांगलेले पाहून दुसऱ्याच दिवशी परतली.

एवढं करून काकांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं, की खतात प्लास्टिक आहे, ओला कचरा पिशवीत बांधून टाकू नका. सेक्रेटरींनी त्या बशीत काही सापडलं का ते विचारलं. काका खोटं बोलत नाहीत. चार धागे सापडले म्हणाले. "काकाजी, फिर तो ये आपके ही घर का कचरा है," सेक्रेटरी म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसलो. काकांना ते फार लागलं. आपणच जन्मभर केलेलं निस्तरायला निघालेला माणूस तो. त्यांनी दार लावून घेतलं; दूधवाल्यालासुद्धा दोरीनं पिशवी वर पाठवायला लावली.

गेल्या महिन्यात सकाळीच त्यांचा फोन आला. मी नायलॉनच्या जॅकेटातच वर धावलो, दारात आठवण होऊन ते काढायला लागलो, तर काका म्हणाले, राहू दे. खताच्या नमुन्यात पिशव्यांचे कपटे स्पष्ट दिसत होते आणि बशीत एकही धागा नव्हता. आता सेक्रेटरींना मानावंच लागेल, मी म्हणालो. काकांनी मान डोलावली, चष्मा काढला.

"बीस दिन की प्लेट है, भिया," ते म्हणाले. "वीस दिवसांत घरात कोणी आलंच नाही रे."

सेक्रेटरींनी पुढे मानलं, लिफ्टमध्ये नोटीसही लागली. पण ते नंतर. त्या सकाळी काकांनी चहा केला, मी जॅकेटसकट तासभर बसलो, आणि ते काकूंबद्दल बोलत राहिले. मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं त्यांच्याकडे न जाण्याचं कारण म्हणून मी कपड्यांची अडचण सांगत आलो. खरं म्हणजे माझ्या कपाटात सुती शर्ट ढीगभर आहेत.