चादरीखालचा सौदा

संत्रा मार्केटात नत्थूजीसारखा दलाल दुसरा नव्हता. कोणी होता म्हणन, तर तो खोटं बोलते. रुमालाखाली व्यापाऱ्याचा हात धरायचा, बोटं दाबून भाव सांगायचा. बाजूच्याले पता लागत नव्हता. एरवीही हात हालवल्याबिगर नत्थूजीच्या तोंडातून शब्द निघत नसे.

त्र्याऐंशी साली त्याची छाती दुखली. डॉक्टरनं उजव्या कोपराच्या धमनीतून बारीक नळी हृदयापर्यंत घातली, पाहिलं, काढली. मंग पुष्पलता सिस्टरनं त्या छेदावर बोटं दाबून धरली. कमी दाबलं त रक्त उसळते, जास्त दाबलं त पंजाले रक्तच भेटत नाही. म्हणून तिचा दुसरा हात मनगटाच्या नाडीवर.

"बोटं हालवा, चालते," ती म्हणाली. "पण कोपर हाललं त पुन्हा पहिल्यापासून दाबा लागन."

हात हालवायचा नाही, म्हणून नत्थूजी चूप. त्याची बायको तुळसाबाई सिस्टरले म्हणाली, "लग्नापासून आज पहिल्यांदा मले बोलायले भेटून राहिलं."

नत्थूजीले हसू आलं नाही. पंजा गार पडला होता. "सिस्टर, बोटं गेली वाटते माही. मंग मार्केटात काय करू मी?"

सिस्टरनं दाब जरासा ढिला केला. "नाडी लागून राहिली ना, नत्थूजी."

"तुमाले लागते. मले काहीच नाही लागून राहिलं."

तेवढ्यात कवडू आला. मौद्याचा व्यापारी. नत्थूजीसंग रोज भांडायचा, अन दुसरं कोणी त्याले वाकडं बोललं त त्याची कॉलर धरायचा. त्यानं सारं ऐकलं, स्टूल ओढला अन सरळ चादरीखाली हात घातला.

"तुह्या गाळ्यावर मृग बहाराच्या संत्र्यांचा ढीग पडला हाये. हा घे माहा भाव," म्हणत त्यानं नत्थूजीच्या गार पंजाचं एकच बोट दाबलं.

मातीमोल भाव. नत्थूजीचे डोळे मोठे झाले. त्यानं बोटांनीच उलटा भाव दिला, चादर जराशी हालली.

"एवढा? पागल झाला काय गा?" कवडू म्हणाला.

चादर अजून हालली.

"कोपर," सिस्टर म्हणाली.

"कोपर नाही बाई, माहा खिसा हालून राहिला," कवडू म्हणाला.

आता नत्थूजी हसला. "तुह्या करंगळीतली अंगठी टोचून राहिली मले, कवडू. बोटं हायेत गा."

रक्त थांबलं होतं. सिस्टरनं कापडाची जाड घडी ठेवून पट्टी बांधली. इकडे भावही जमला. पण सौदा पक्का करायले टाळी द्या लागते, अन कोपराले अजून मनाई. नत्थूजीनं बायकोकडे पाहिलं.

तुळसाबाईनं पदर खोचला अन कवडूच्या हातावर सणसणीत टाळी दिली.

"अन पेट्यांचे पैसे वेगळे, कवडूभाऊ," ती म्हणाली.