गोठ्याचा वास घालवणारे अण्णा

येळ्ळूरच्या आमच्या घरात गोबरगॅस येण्याआधी आईचे डोळे बारा महिने लाल असायचे. ओली लाकडं, फुंकणी आणि धूर. चार म्हशींच्या दुधावर मी बीएस्सी झाले, घराण्यातली पहिली. हे मी मुद्दाम सांगते, कारण औषध-दुकानवाल्या अण्णांना ते खपायचं नाही.

असा दुकानदार तुम्हीही पाहिला असेल. गिऱ्हाईक आलं की अण्णा बाटली उन्हात धरायचे, दोनदा हलवायचे आणि म्हणायचे, "डोळ्याला दिसत न्हाय, ते बाधत न्हाय." बाटलीत चांदीचे नॅनो कण, केसाहून हजारो पट बारीक. गोठ्यात फवारलं की वास जातो. आम्हीही फवारलं. वास खरंच गेला.

पण आमच्याकडं गोठा धुतलेलं पाणी वाया घालवायची रीत नाही. शेणाबरोबर ते थेट गॅसच्या टाकीत जातं. काही दिवसांत शेगडीची ज्योत बारीक झाली, मग विझली. आई माळ्यावरची फुंकणी शोधू लागली. माझं डोकं फिरलं ते तेव्हा.

"अण्णा, वासाचे जंतू मेले, तसे गॅस करणारेबी मेले."

"चार बुकं शिकून मला शिकवतीस व्हय गं? म्हशीची वैरण बदला!"

दुसऱ्या दिवशी त्यांच्याच दुकानासमोर दोन कॅन मांडले. दोन्हीत शेण-पाणी आणि विरजण म्हणून शेजाऱ्यांच्या चालू टाकीतला थोडा आंबलेला राडा. एकात अण्णांचं औषध. तोंडांना फुगे बांधले.

"फुगे इकायला बसलीस काय गं?" अण्णा ओरडले. लोक लई हसले. मी रोज जाऊन बसले. साध्या कॅनचा फुगा हळूहळू ताठ झाला. औषधाचा चिंधीसारखा लोंबतच राहिला.

गर्दीतून अण्णांची बायको पुढं आली. "आमची शेगडीबी पंधरा दिस बंद हाय. मला म्हंत्यात, तुला पेटवायला येत न्हाय."

अण्णा पायरीवर मटकन बसले. माणूस लबाड नव्हता, स्वतःच्या गोठ्यातही त्यानं तेच मारलं होतं. तरी मला दया आली नाही. उरलेल्या बाटल्या ओढ्यात ओतायला अण्णा निघाले, तेव्हा मी आडवी आले. "मासे तेवढे ऱ्हायलेत व्हय मारायचे?"

बाटल्या खोक्यांत भरून कंपनीला परत गेल्या. पुढं दुकान मोडून अण्णा मुलाकडं निपाणीला गेले, ते परत आले नाहीत. आमची टाकी उपसली, पण चांदी मिसळलेला तो राडा मी शेतात घालू दिला नाही. नवं शेण भरल्यावर महिन्याभरानं आईची शेगडी पेटली. गावात ते औषध आता मिळत नाही. ते मी बंद पाडलं.