लाडवासारखी वळलेली बाटली

माझं रक्त सहज गोठत नाही. त्यामुळे इथे आखातात, फरवानियाच्या दवाखान्यात दाढ काढायची म्हणताच मला घाम फुटला. आधी इंजेक्शन द्यायला आलेला नर्स मालवणकडचा होता. रक्त गोठवणाऱ्या औषधाची बाटली तो दोन्ही तळव्यांत लाडवासारखी हळूहळू वळत होता.

"हलवली तर फेस होतो, काका. हे बनवणारी युरोपातली कंपनी आहे, एका लहानशा रक्तपेढीतून वाढलेली. यात हजारो लोकांच्या रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे पिवळसर द्रव आहे."

"नेमके किती लोक?" प्रत्येक इंजेक्शनचे आकडे टिपायच्या माझ्या वहीत बॅच नंबर उतरवत मी विचारलं.

"मोजताय कशाला? दिवाळीला सगळ्यांना फराळ पाठवायचा झाला, तर विमान भरेल!"

मी हसतच दंडाची बाही वर केली. दाढ निघाली, रक्तही थांबलं. घरी येऊन वहीत 'रक्तदाते' असा नवा रकाना आखला आणि आकड्याच्या जागी आयुष्यात पहिल्यांदाच शब्द लिहिला: पुष्कळ.