माहेरची हिस्टरी

टाके घालून झाले, तरी सायली स्वतःहून श्वास घेईना.

घाटकोपरमधलं आमचं छोटं नर्सिंग होम. मी भूलतज्ज्ञ. सव्वीस वर्षांच्या सायलीचं अपेंडिक्स काढायचं होतं. सकाळी तिने खाल्लं होतं. ते उलटून फुप्फुसात जाऊ नये, म्हणून श्वासनलिकेत ट्यूब झटपट घालणं गरजेचं होतं. त्यासाठी मी स्कोलिन दिलं. हे औषध सगळे स्नायू सैल करतं, श्वासाचेसुद्धा. त्याचा असर पाचेक मिनिटांत उतरतो, कारण रक्तातलं एक एन्झाइम पाण्याच्या साहाय्याने त्याचे तुकडे करतं. ऑपरेशनभर तिचं पोट सैलच राहिलं, त्यामुळे स्नायू सैल करणारं दुसरं औषध मी दिलंच नव्हतं.

"वैशाली, काय झालंय?" सर्जन मुणगेकर सरांनी विचारलं.

"सर, स्कोलिन उतरत नाहीये. एन्झाइममध्ये जन्मापासून दोष असावा. काही घराण्यांत असतो."

"मग?"

"व्हेंटिलेटरवर ठेवायचं आणि थांबायचं. औषध आपोआप उतरेल. तोवर झोपेचं औषध चालू ठेवते. नाहीतर तिला सगळं कळेल, पण बोट हलवता येणार नाही."

सरांनी फोन करून दुपारची ओपीडी रद्द केली आणि स्टूल ओढून तिच्या डोक्याशी बसले.

मी बाहेर येऊन हेच नातेवाइकांना सांगितलं. सायलीचा नवरा नीलेश उसळला. "साधं अपेंडिक्स होतं ना मॅडम? आता व्हेंटिलेटर? मी अँब्युलन्स बोलावतो. तिला मोठ्या हॉस्पिटलला नेतो."

"इथे मशीन आहे, ऑक्सिजन आहे, आम्ही दोघं आहोत. आत्ता तिला हलवणं जास्त धोक्याचं आहे."

"तुम्ही तर असंच बोलणार!"

त्याने फोन कानाला लावला. तेवढ्यात कोपऱ्यातल्या बाकावरून सायलीची आई उठली. मालवणकडची बाई. सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती.

"जावयबापू, नको. माझ्या भावाचा असाच झालेला. आपरेशन झाला, पण तो श्वास घेईना. तेका जीपीत घालून मोठ्या हॉस्पिटलात न्हेत हुते. वाटेतच गेलो." तिने त्याच्या हातातला फोन धरला. "माझ्या चेडवाक हलवू नको."

नीलेशने फोन खाली घेतला.

भूल देण्याआधी मी विचारलं होतं, घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का? सायली वेदनेने कळवळत होती. उत्तर तिच्या सासूबाईंनी दिलं होतं, "नाही हो, आमच्याकडे कुणालाच नाही." ते खरंच होतं. त्यांच्याकडे कुणालाच नव्हता.

"तेव्हा का नाही सांगितलंत?" मी आईला हळूच विचारलं.

"विहीणबाई बोलत हुत्या. चेडवाच्या सासरच्यांसमोर माझ्या घरचा मराण खंय काढू?"

मी आत गेले. सर सायलीच्या कानाशी वाकून बोलत होते. "सायली, ऑपरेशन नीट झालंय. श्वास मशीन घेतंय. तू फक्त थांब." झोपेच्या औषधातही ऐकू येत असेल, या हिशेबाने ते मधूनमधून तेच सांगत राहिले. एरवी हा माणूस दोन टाक्यांच्या मध्ये घड्याळ बघायचा.

संध्याकाळी तिची भुवई हलली. मग बोटं. मग छाती स्वतःहून वर आली. तिने मान उचलून धरली, तेव्हाच मी ट्यूब काढली. पुढे रक्ताच्या तपासणीत एन्झाइम खूपच कमी निघालं. सायलीच्या भावाचंही तसंच निघालं. त्याचं हर्नियाचं ऑपरेशन व्हायचं होतं. ते आम्ही स्कोलिन न वापरता केलं. आई बाहेर त्याच बाकावर बसली होती.

गेल्या महिन्यात मुणगेकर सर स्वतः व्हेंटिलेटरवर होते. त्यांच्या आजारात थांबून काही उतरणार नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी मी कानाशी वाकून सांगत राहिले, "सर, श्वास मशीन घेतंय." ते उठले नाहीत.

आजही ऑपरेशनआधी मी तोच प्रश्न विचारते. फक्त सुनेचं ऑपरेशन असेल, तर आधी सासरच्या मंडळींना खाली चहाला पाठवते आणि आईला जवळ बोलावते.