आत्यांनी गूळ मागेपर्यंत

तसा मी आमच्या वाडीच्या सुईण हौसाआत्यांच्याच हातावर या जगात आलो, पण ती ओळख मला आठवणारी नाही. म्हणून आमची पहिली ओळख मी मागच्या दसऱ्याच्या सुमाराची धरतो. माझी पत्नी मनीषा तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. मी सुप्याला एका कारखान्यात तयार मालाची मापे तपासतो आणि आठवड्यातून एकदा वाडीला घरी येतो. तपासल्याशिवाय काही पुढे जाऊ द्यायचे नाही, ही कामातली सवय आता अंगात मुरली आहे. त्या दिवशी मी वहीच्या दोन पानांवर सतरा प्रश्न लिहून आत्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो.

आत्या तूर निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवले नाही, पण ऐकायला तयार झाल्या. "वाच," म्हणाल्या.

मी वाचले. कळा किती अंतराने येऊ लागल्या की बोलवायचे, पाणमोट आधीच फुटली तर काय करायचे, बाळ रडलेच नाही तर काय, असे सगळे. बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्यांनी एका-एका वाक्यात दिली. पाच प्रश्नांना मात्र त्या म्हणाल्या, "ह्ये मला न्हाई ठावं. ह्ये दवाखान्यातल्या बाईंना इचारू." ज्यांच्या हातावर वाडीच्या दोन पिढ्या जन्मल्या, त्या बाई माझ्यासारख्या मुलासमोर 'मला ठाऊक नाही' असे पाच वेळा सहज म्हणाल्या. माझी निम्मी भीती तिथेच गेली.

शेवटी त्यांनी विचारले, "समदं लिव्हलंस. पर गाडी कुठल्या तोंडानं लावनार, ते कुठं लिव्हलंस?"

"कसली गाडी?"

"दवाखान्यात न्यायची."

"पण बाळंतपण घरीच करायचं म्हणतोय ना आपण?"

"म्हनूनच इचारते," आत्या म्हणाल्या. मी अठरावा प्रश्न लिहून घेतला. त्याचे उत्तर मला पुढे माघ महिन्यात मिळाले.

घरीच बाळंत व्हायचे, हा हट्ट मनीषाचा होता. पहिल्या खेपेला आम्ही तिला एका शहरातल्या खासगी दवाखान्यात नेले होते. मुलगा सुखरूप झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या दिवसभरात तिला कोणी काही विचारले नाही, न बोलता अंगाला हात लावले, आणि ओरडली म्हणून दोनदा दटावले. ते सांगताना तिचे हात अजून गार पडतात. हौसाआत्या तपासायला बसल्या, की आधी विचारतात, "मनीषा, हात लावू का गं?" ती 'हो' म्हणेपर्यंत त्यांचा हात त्यांच्याच मांडीवर असतो. मनीषाने पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा ती रडली होती. मी जवळच होतो, पाणी आणायला गेलो.

आत्यांच्या अटी मात्र कडक होत्या. दर महिन्याला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात तपासणी. तिथल्या डॉक्टरीणबाईंना काही लपवायचे नाही. "बाळ पायाळू हाय म्हनले, न्हाईतर रगत कमी निघालं, तर मी तुमच्या दारातनं आत यायची न्हाई. तुमच्यासंगं दवाखान्यात यीन." डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यातच या, असा सल्ला दिला. मनीषा ऐकेना, तेव्हा त्यांनी सगळे अहवाल पुन्हा पाहिले, आपला फोन नंबर लिहून दिला आणि कळा सुरू होताच कळवायला सांगितले.

आत्यांच्या अमृतमहोत्सवासाठी नेमलेल्या गौरव समितीने मला या गौरवग्रंथासाठी त्यांच्या गेल्या वर्षाच्या कामाविषयी लिहायला सांगितले आहे. वाचनालयाच्या फळ्यावरच्या सूचना मी लिहितो, म्हणून हे काम माझ्याकडे आले. मी आत्यांसमोर वही उघडून बसलो आणि पाडव्यापासून पाडव्यापर्यंत किती बाळंतपणे केली, असे विचारले. त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. त्या सांगत होत्या ती नावे मी भराभर लिहीत गेलो. सातव्या नावाला माझ्या लक्षात आले, की या सगळ्या दवाखान्यात बाळंत झालेल्या आहेत.

"आत्या, घरी केलेल्या सांगा ना."

"आधी पाठवलेल्या लिव्ह. त्येच्यात जास्ती जीव लागतो. घरच्या चारच हायेत, त्या कुठं पळत न्हाईत."

पाठवणे सोपे नसते, हे मला तेव्हा कळले. वाडीतल्या एका घरी सुनेचे दिवस भरत आले होते आणि बाळ पायाळू होते. सासूबाई आत्यांच्या बरोबरीच्या. त्या चिडल्या. "माझी चार बाळंतपनं तुमीच केली. आता सुनंच्या वक्ताला हात आखडता व्हय?"

"हात त्येच हायेत," आत्या म्हणाल्या, "पर डोळ्याला दिसतंय ते हाताला सांगू नगं का?"

सासूबाई दोन महिने आत्यांशी बोलल्या नाहीत. नातू झाला, घरी आला, तरी बोलल्या नाहीत. आत्या मात्र रोज सकाळी त्या घरी जाऊन बाळाला अंघोळ घालत राहिल्या. एक दिवस सासूबाईंनी न बोलता चहाचा कप पुढे सरकवला. आत्या मला म्हणाल्या, "साखर लई घातली हुती. राग गेल्याला कळतो."

साखर कारखान्याचा हंगाम चालू असताना ऊसतोडणीच्या टोळीतल्या एका बाईला फडातच कळा लागल्या. दवाखान्यात न्यायला वेळ नव्हता. आत्या दत्तूभाऊंच्या जीपमधून तिथे पोहोचल्या. दत्तूभाऊ आमच्या वाडीचेच, प्रवासी जीप चालवतात. आत्या बाळंतपणाला निघाल्या, की पहिला निरोप त्यांना जातो. जीप ते दाराशी रस्त्याकडे तोंड करून उभी करतात आणि स्टिअरिंगसमोर बसून राहतात. तिथे ते दुपारभर बसले होते. मुलगी झाली, थोड्या वेळाने वारही नीट पडली. मग आत्यांनी गूळ मागितला.

हे वाडीबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे. बाळ रडले की घरात आनंद होतो, पण आत्यांच्या लेखी बाळंतपण तिथे संपत नाही. वार पूर्ण पडून, रक्त थांबून, बाळंतिणीचे पोट हाताला घट्ट लागले, की त्या गुळाचा खडा मागून तोंडात टाकतात. त्याआधी घरात कोणी गोड खायचे नाही आणि दारातली गाडी हलवायची नाही. फडावरच्या कोपीत, म्हणजे टोळीच्या पाचटाच्या झोपडीत, गूळ नव्हता. बाळंतिणीच्या नवऱ्याने संकोचत उसाचे कांडे सोलून पुढे केले. "ह्यो तर गुळाचा बाप," असे म्हणत आत्यांनी त्याचा तुकडा दाताने तोडून चघळला, आणि तेव्हाच दत्तूभाऊ जीपमधून खाली उतरले.

आता आमच्या घरचे सांगतो. माघ महिन्यात, ज्वारीची काढणी चालू असताना, सकाळी मनीषाला कळा सुरू झाल्या. मी रजेवर होतो. डॉक्टरीणबाईंना फोन केला. आत्या आल्या, वाडीच्या आरोग्यसेविका आशाताई आल्या, दत्तूभाऊंची जीप दाराशी उभी राहिली. आईने चुलीजवळ वाटीत गूळ काढून ठेवला. मी अंगणात उभा राहून कळांमधले अंतर वहीत लिहीत होतो. आतून आत्यांचा आवाज येत होता, "घाई न्हाई. आपल्याला कुठं बाजार गाठायचाय?" आणि मनीषा कळांमधून मध्येच हसत होती. ते हसणे ऐकून मी वही मिटली.

दुपारी मुलगी झाली. तिचे रडणे ऐकून माझे वडील ओट्यावरून उठले. "दत्तू, काष्टीला जाऊन दोन किलो जिलेबी घेऊन ये. गरम बघून घे."

दत्तूभाऊ जागचे हलले नाहीत. "आत्यांनी गूळ मागू द्या, तात्या."

मला आत्यांचा नियम माहीत होता. पण ते रडणे कानात होते आणि माझे भान सुटले होते. मी जाऊन त्यांच्या शेजारच्या सीटवर बसलो. "चला हो भाऊ. वीस मिनिटांचं काम आहे."

"वीस मिनिटांचंच असतंय," ते म्हणाले. किल्ली त्यांच्या मुठीत होती. मला त्यांचा राग आला. मी तसे बोललोही. मुलगी झाली म्हणून जिलेबी आणायला जड वाटते का, असे मी त्यांना विचारले. हे वाक्य मी इथे लिहितो आहे, कारण ते मी परत घेऊ शकत नाही.

आत्या दारात आल्या तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत लाल होते. आवाज मात्र रोजचाच होता. "दत्तू, गाडी चालू कर. वार सुटत न्हाई, रगत चाललंय. आशा, फोन लाव, निघालो म्हनून सांग."

जीपच्या मागच्या बाकांवर गादी आधीच अंथरलेली होती. आम्ही मनीषाला उचलून ठेवले. आत्यांनी वार ओढली नाही. बाळाला मनीषाच्या छातीशी लावले, एक हात पोटावर ठेवून त्या चोळत राहिल्या आणि तिच्याशी बोलत राहिल्या. "मनीषा, मला तुझ्या पहिल्या लेकाचं नाव सांग. आता त्येचा वाढदिवस सांग. आता आनिक एकदा नाव सांग." मनीषाचा आवाज बारीक होत गेला, पण थांबला नाही. जीपला वळवावे लागले नव्हते, मागे घ्यावे लागले नव्हते. दवाखान्याच्या दारात माणसे तयार उभी होती.

डॉक्टरीणबाईंनी वार काढली, रक्त चढवले. संध्याकाळी बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "अजून अर्धा तास गेला असता, तर मला काही करता आलं नसतं." आत्या भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली. चहा आणू का विचारले, तर नको म्हणाल्या.

मनीषा पाचव्या दिवशी घरी आली. त्याच दिवशी पाचवी होती. आईने चुलीजवळची गुळाची वाटी इतके दिवस हलवली नव्हती, नुसती मुंग्यांसाठी पाण्याच्या परातीत ठेवली होती. आत्यांनी मनीषाला विचारून तिच्या पोटाला हात लावला, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, आणि म्हणाल्या, "गूळ कुठाय?"

अंगणात दत्तूभाऊ बसले होते. ते उठून मला म्हणाले, "चल, आता जिलेबी आनू." काष्टीच्या वाटेवर मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "तुला काय ठावं हुतं." तेव्हा खरोखरच ठाऊक नव्हते.

ते मला या लेखामुळे कळले. गेल्या वर्षाचे सगळे सांगून झाल्यावर आत्या म्हणाल्या, "आता माझी चूक लिव्ह." पुष्कळ वर्षांपूर्वी वाडीत एकच जीप होती. पार्वतीबाई नावाच्या सुनेला मुलगा झाला. घरच्यांनी विचारले, पेढे आणायला जाऊ का. आत्यांनीच सांगितले, जावा. जीप काष्टीला गेली आणि बाजाराच्या गर्दीत अडकली. इकडे वार सुटली नाही. बैलगाडी जुंपून निघाले, तोवर उशीर झाला होता. पार्वतीबाई रस्त्यातच गेल्या.

"पेढं वाटलंच न्हाईत," आत्या म्हणाल्या. "पोराला मात्र मी रोज अंघोळ घातली, चालायला लागेस्तवर. त्यो दत्तू."

समितीच्या बैठकीत मी हे वाचून दाखवले, तेव्हा बहुतेकांचे मत पडले, की गौरवग्रंथात हे नको. अमृतमहोत्सवाच्या प्रसंगी असे छापले तर लोक काय म्हणतील, हा त्यांचा विचार आत्यांवरच्या प्रेमापोटीच होता. आत्यांना निरोप कळवला. त्या म्हणाल्या, "मंग माझं नाव बी छापू नगा. पोरी शिकत्यात आता ह्ये काम, दवाखान्यात, नर्सबाई हुन. त्यांनी ह्येच वाचाया पायजे. बाकीचं काय, शालच हाय."

मी दत्तूभाऊंकडे गेलो. लेख त्यांना पूर्ण वाचून दाखवला. त्यांनी जीपची काच पुसून घेतली. मग म्हणाले, "लिव्ह. माझ्या आईचं नाव कुटंच छापलेलं न्हाई. निदान हितं येऊ दे. पर नीट लिव्ह."

मी नीट लिहिले आहे. पार्वतीबाई. छापण्याआधी तीन वेळा तपासले आहे.

सत्काराच्या दिवशी मंदिरासमोरच्या मांडवात आम्ही सगळे असू. वाडीतल्या एका घरी सूनबाईंचे दिवस भरत आले आहेत, त्यामुळे दत्तूभाऊंची जीप मांडवाबाहेर रस्त्याकडे तोंड करून उभी असेल, आणि भाषणे चालू असताना आत्यांचे अर्धे लक्ष तिकडेच राहील. त्यांनी मध्येच उठून जायचे ठरवले, तर आम्ही कोणी त्यांना अडवणार नाही. हौसाआत्यांचे गुडघे असेच चालते राहोत, हात असेच विचारून पुढे येणारे राहोत. आणखी पुष्कळ वर्षे घराघरांत त्यांनी गूळ मागावा, आणि तो मागेपर्यंत थांबण्याचे शहाणपण आम्हाला यावे. आमची मुलगी आता रांगू लागली आहे. तिचे नाव आम्ही पार्वती ठेवले आहे.