वत्सलाअक्कांचं दुसरं ऑपरेशन

वत्सलाअक्का साधी तापाची गोळीसुद्धा तळहातावर ठेवून विचारायच्या, "ही पोटात जाऊन काय करती, ते आधी सांगा." कंपाउंडर वैतागायचा. औरादच्या मुलींच्या शाळेत मी नवी शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा त्या मुख्याध्यापिका होत्या. हा संशयीपणा त्यांच्या रक्तातलाच असावा, असं मला वाटलं. तसं नव्हतं.

पूर्वी त्या फार जाड होत्या. चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागायची. मुंबईच्या एका डॉक्टरांनी ऑपरेशन करून त्यांच्या आतड्याची वाट आखूड केली. अन्न पचायच्या आत पुढे सरकेल आणि वजन आपोआप उतरेल, असं सांगून एका इंग्रजी कागदावर सही घेतली. वजन उतरलं, पण अंगातली ताकदही गेली. दिवसातून दहादा परसाकडे, केस मुठीमुठीनं गळायचे, सांधे ठणकायचे. परत दाखवायला गेल्या तर डॉक्टर म्हणाले, तुम्ही पथ्य पाळत नसाल.

तोच संशय गावातही होता. अक्का लपूनछपून तळलेलं खातात, असं शिक्षिका आपसांत बोलायच्या. मलाही ते पटलं होतं. एकदा मधल्या सुट्टीत त्या बाहेर गेल्या आणि मी त्यांचा डबा उघडला. आत ताकात शिजवलेल्या कण्या होत्या. मान वर केली तर अक्का दारात.

"बघितलंस? आता चवबी घे," त्या शांतपणे म्हणाल्या. "मग बाकीच्यांना सांग, अक्का काय खायलीय ते."

मला तोंड वर करवेना. तरी त्याच उन्हाळ्यात हैदराबादच्या सर्जनकडे जाताना त्यांनी सोबतीला मलाच घेतलं. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "ज्याला शंका येती, तोच नीट ऐकतो."

ते सर्जन वयस्कर होते. अक्कांनी वही पुढे सरकवली आणि आतलं सगळं काढून दाखवायला सांगितलं. त्यांनी पेन्सिलीनं आतडी काढली. पहिल्या ऑपरेशनात वाटेतून बाजूला ठेवलेला आतड्याचा भाग आतच आहे, तो पुन्हा जोडता येईल, असं ते सांगू लागले. अक्कांनी त्यांना थांबवलं.

"वाईट पहिल्यानं सांगा. चांगलं मला एकदा सांगून झालंय."

मग त्यांनी सांगितलं. वजन परत येईल. शरीर खंगलंय, टेबलावरून उठणार नाहीत अशीही भीती आहे. नाही केलं तर लिव्हर जाईल. निजामाच्या काळात उर्दूतून शाळा शिकलेल्या अक्कांनी तेच पुन्हा उर्दूत वदवून घेतलं, मला काय समजलं ते माझ्याकडून म्हणवून घेतलं आणि मगच सही केली, मराठीत, पूर्ण नावानं.

त्या वाचल्या. वर्षभरात वजन जवळजवळ सगळं परत आलं. दोन्ही ऑपरेशनं फुकट गेली, असं लोक म्हणू लागले. या डॉक्टरवर कसा विश्वास बसला, असं मी एकदा विचारलं. "विश्वास कुठं बसला?" त्या म्हणाल्या. "त्यानं मला विचारू दिलं, एवढंच."

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी त्या हृदयविकारानं गेल्या. मला त्या आठवतात त्या दुसऱ्या ऑपरेशननंतरच्या जूनमधल्या. कित्येक वर्षं त्यांचा एकही तास मध्येच बाहेर धावल्याशिवाय पार पडला नव्हता. त्या दिवशी त्या नद्या शिकवत होत्या. घंटा झाली. पुढचा तास माझा होता. मुली उठू लागल्या, तर अक्कांनी हातानंच बसायची खूण केली आणि मांजरा नदी पुढे नेली. मी व्हरांड्यात उभी होते. आत गेले नाही.